दोन डब्यांची चाल

भाच्याचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. त्याचे दोन्ही मामा साहेबांच्या खोलीत उभे होते. टेबलापलीकडे साहेब, त्यांच्या शेजारी भाचा, संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून.

टेबलावर काडेपेटीएवढ्या दोन डब्या होत्या. पाण्याच्या भुयारात तपासणीला जोडीनं उतरायचं आणि प्रत्येकानं एक डबी कमरेला लावायची, असा नियम. खाली उपग्रहाला माणूस दिसत नाही. डबीला बसणाऱ्या हिसक्यांवरून आणि वळणांवरून यंत्र ओळखतं, माणूस कुठवर पोचला. यंत्राला हे शिकवलं थोरल्या मामानं. तीन महिने डबी लावून, भिंतीवरचे खडूचे आकडे मोठ्यानं वाचत, पायांचे तुकडे पडेपर्यंत तो चालला होता. "छत कोसळलं तर यावरूनच तुम्हाला शोधू, मामा," असं यंत्र सांभाळणारा भाचा तेव्हा म्हणाला होता.

धाकट्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्याआधी दम लागतो हे कळलं, तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर मिळालेली राहती खोलीही.

"दोघंही रोज टोकापर्यंत जाता?" साहेबांनी विचारलं.

"जोडीनंच, साहेब. डब्या बघा की. खोटं बोलायला त्यांना तोंड कुठंय?" थोरला म्हणाला.

धाकट्यानं खोकला गिळला.

भाच्यानं पडदा वळवला. एकीखाली एक, दोन रेषा. "साहेब, दोन माणसं इतकी सारखी चालत नाहीत. दर दुसऱ्या पावलाला हिसका आहे, उजवा पाय ओढल्यासारखा. दोन्ही डब्यांत तोच. ही चाल थोरल्या मामां..." तो अडखळला. "या कामगाराची आहे. दोन्ही डब्या हेच लावतात. दुसरे पंपाजवळ बसून असतात."

"वा, भाचेबुवा!" थोरला म्हणाला.

"यंत्रानं पकडलं, मामा. मी नाही."

"यंत्रानं माझा पाय ओळखला, कबूल. पण याच्या कमरेला तर डबीच नव्हती. मग हा पंपाजवळ बसतो, हे यंत्राला कुणी सांगितलं?"

भाच्यानं पडदा परत आपल्याकडे वळवला. लग्नघरी, मांडवामागे, थोरल्यानं ते एकट्या त्यालाच सांगितलं होतं. कुणाला बोलू नकोस, असंही सांगितलं होतं.

साहेबांनी कागद पुढे ओढला.

"दादा, चल," धाकटा म्हणाला. "जाऊ दे. आपलंच पोर आहे."

"म्हणून तर," थोरला म्हणाला, आणि जागचा हलला नाही. शेवटी धाकट्यानंच त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. जिन्यावर धाकटा दोनदा थांबला. आता लपवायचं कारण नव्हतं.

खोली रिकामी करायला पंधरा दिवस मिळाले होते. धाकटा मामा बाराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, त्याच खोलीत वारला.