बारा घोडे जास्तीचे

चुलतभाऊ धर्मराजच्या जीपमागं धूळ खायची न्हाई, एवढ्या एका हट्टापायी राजूरच्या काकासाहेबांनी १९७४ साली जालन्याच्या गॅरेजात आपल्या जुन्या जीपचं इंजिन खोललं. बोअर वाढवून मोठे पिस्टन टाकले, कार्बोरेटर थोरला बसवला, आणि इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून सायलेन्सरही काढून टाकला. मिस्त्री म्हणाला, "मालक, बारा घोडे जास्तीचे जोडून राह्यलो. मंग तुमच्या पुढं कोन जातंय?"

पोराच्या लग्नाचं वऱ्हाड जाफराबादला निघालं. रिवाजाप्रमाणं नवरदेव बापाच्या जीपमधून वेशीतल्या मारुतीच्या पाया पडायला उतरला, त्याच्यामागं करवलीसकट सगळी मंडळी उतरली. काकासाहेब मात्र स्टिअरिंग धरून बसले, कारण हे इंजिन एकदा बंद पडलं की चालू होताना नाकी नऊ आणायचं. तेवढ्यात आरशात धर्मराजची जीप दिसली आणि काकासाहेबांचा पाय ॲक्सिलरेटरवर आपसूक दाबला गेला. मागून गावानं बोंब ठोकली, पण त्या फडफडाटात ऐकतो कोण!

जाफराबादच्या मांडवापुढं सगळ्यात आधी उभी राहिली ती काकासाहेबांची जीप. त्यांनी मिशीला पीळ दिला. ओवाळणीचं ताट घेऊन आलेल्या विहीणबाईंनी जीपमध्ये पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"पाव्हणं, नवरदेव कुठंय?"



अर्ध्या तासानं तो धर्मराजच्या जीपमधून उतरला, मुंडावळ्यांपासून चपलांपर्यंत बापानं उडवलेल्या धुळीत माखलेला.