अर्धी बादली

"बद्री, खाऊन घे. दहाला सर फलकावरचा पडदा ओढणार," उमा म्हणाली.

नाश्त्याला केलेला चुरमुऱ्यांचा सुशीला बद्रीनाथ पठाडेच्या प्लेटमध्ये तसाच होता. वनस्पतिशास्त्राच्या त्र्याहत्तरच्या बॅचचा हा पन्नास वर्षांचा मेळावा काल शनिवारी सुरू झाला होता आणि आज संपणार होता. आधीचे चार मेळावे त्यानं काही ना काही निमित्त काढून टाळले होते. या खेपेला मेळावा भरवणाऱ्या वर्गमैत्रिणीनं, उमानं, थेट त्याच्या गावी अजिंठ्याला गाडीच पाठवली. दारात गाडी उभी राहिल्यावर त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं लपायचं तरी कुठं?

"फलकावर लिहिलंय काय?" त्यानं विचारलं.

"मलाही ठाऊक नाही. पाटोदकर सरांनी मजकूर बंद पाकिटातून परस्पर कोरणाऱ्याकडे धाडला. रक्तचंदनाच्या झाडाचा फलक तो, दुसरं काय असणार?"

दुखणं नेमकं तेच होतं.

बहात्तर साली सरांनी कडप्प्याहून रक्तचंदनाचं वीतभर रोप आणून विद्यापीठात विभागामागे, डोंगराकडच्या कुंपणाशी लावलं. त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. दसऱ्याच्या सुटीत रोपाला पाणी घालायची पाळी बद्रीनाथची होती. तो दोन दिवसांसाठी म्हणून गावी गेला आणि नऊ दिवसांनी उगवला. तोवर रोपाची काडी झाली होती. मग तो उलट पावली अजिंठ्याला गेला, डोंगरातून तेवढ्याच उंचीचं बिबळ्याचं रोप मातीच्या गोळ्यासकट काढून आणलं आणि त्याच खड्ड्यात लावून मोकळा झाला. मोकळा कसला, तिथूनच अडकला.

बिबळा आणि रक्तचंदन नात्यातले. लहानपणी भाऊभाऊ वाटतात, पण वाढले की पान सगळं सांगून टाकतं. रक्तचंदनाच्या एका पानाला पर्णिका तीन, बिबळ्याला पाच नाहीतर सात. इतकी वर्षं तो कोपरा झुडपांनी बुजलेला होता, कुणी तिकडं फिरकत नसे. मेळाव्यासाठी परवाच तो साफ केला होता. आता त्या झाडाखाली तीस वनस्पतिशास्त्रवाले माना वर करून उभे राहणार होते. सरांचा जन्म झाडं ओळखण्यात गेला. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आपल्याच विद्यार्थ्यांसमोर त्यांचं हसं होणार, आणि ते बद्रीनाथच्या करणीनं. कालपासून तो तीनदा सरांजवळ गेला होता. तिन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून परत आला.

सर काठी टेकत झाडाकडे निघाले तेव्हा त्यानं प्लेट खाली ठेवली आणि त्यांचा दंड धरला.

"सर, एक सांगायचंय. लई वर्षं राहून गेलंय."

"चालता चालता सांग. थांबलो की पुन्हा निघवत नाही."

"ते झाड तुमचं नाय, सर." बद्रीनाथ खाली बघत एका दमात बोलला. "तुमचं रोप माझ्या हातून मेलं. हा बिबळा हाय. मीच डोंगरातनं आणून लावला. तुम्ही पडदा ओढू नका. मी सांगतो सगळ्यांना."

सर थांबले.

"रक्तचंदनाला पर्णिका किती?"

"तीन."

"आणि याला?"

"पाच. कुठं कुठं सात."

"हे तुला शिकवलं कुणी?"

बद्रीनाथनं पहिल्यांदा सरांकडे बघितलं.

"मी शिकवलं. आणि मलाच मोजता येणार नाही, असं तू पन्नास वर्षं धरून चाललास?" सर खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. "त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात पालवी फुटली तेव्हाच ओळखलं होतं मी."

"मग रागावला का नाय, सर?"

"रागावणारच होतो. पण त्या दुष्काळात तुमच्या वसतिगृहावर माणशी एक बादली पाणी मिळायचं. अंघोळ, कपडे, सगळं त्यातच. माझ्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला होती. तू रोज सकाळी अर्धी बादली घेऊन यायचास. एक दिवस चुकला नाहीस. वर्गात तुझ्या शेजारी कुणी का बसत नाही, ते फक्त मला ठाऊक होतं." सरांनी काठी पुढं टाकली. "चल. मंडळी खोळंबली असतील."

झाडाखाली सगळे जमले होते. सरांनी पडदा ओढला आणि उमानं मोठ्यानं वाचलं, "बिबळा. १९७२च्या दुष्काळात बद्रीनाथ सांडू पठाडे याने लावला आणि जगवला."

मग तीस माना वर गेल्या.

"पाच," एकजण मोजून म्हणाला.

"इकडं सात आहेत," दुसरा म्हणाला, आणि टाळ्या सुरू झाल्या.

बद्रीनाथ बुंध्याशी टेकून मटकन खाली बसला. पन्नास वर्षांचं ओझं असं दोन ओळींत उतरलं, आणि त्याला सडकून भूक लागली. उमानं घाबरून पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. अर्धी बाटली त्यानं घटाघटा रिकामी केली. मग हात आपोआप वळला आणि उरलेलं पाणी तो बुंध्याशी ओतू लागला.

सरांनी काठीच्या टोकानं बाटली अलगद वर उचलली.

"राहू दे, बद्रीनाथ. आता त्याचं ते बघतं. ही सगळी तू पी."