पालथा टोपला

मोहफुलं वेचताना अस्वल दिसताच रंभाबाईंनी चार वर्षांच्या नातीवर टोपला पालथा घातला आणि स्वतः त्यावर ओणव्या झाल्या. अस्वलाच्या पंजाने त्यांचा खांदा फाटला. गुंजनला मात्र ओरखडासुद्धा नाही. "माझ्या पोरीले जंगलात नेलंच काहून?" एवढं विचारून दामिनीने सासूशी अबोला धरला. आज त्या दवाखान्यातून घरी आल्या. कुकरची शिट्टी झाली आणि गुंजन दचकून रोजच्यासारखी धावत त्याच टोपल्याखाली शिरली. दामिनी टोपला उचलायला गेली, तर आतून इवल्या बोटांनी काठ घट्ट धरलेला. तेवढ्यात रंभाबाई उठल्या, एका हाताने टोपला कवटाळून ओणव्या झाल्या. "गेलं का वो, आजी?" आतून गुंजनने विचारलं. "नाई गेलं, माय. चूप राय." रंभाबाई एकटक फाटकाकडे बघत होत्या. तिथे कोणीच नव्हतं. दामिनी सासूच्या खांद्याची जखम सांभाळत त्यांच्या पाठीवर ओणवी झाली. "मी पाहून राहिली, आई."