न बोलणारा घड्याळवाला

आवाज होता, चित्र नव्हतं.

तिने व्हिडिओ बंद करून पुन्हा लावला. टिक, टिक, मग चिमटा बशीत ठेवल्याची किणकिण. पडदा काळाकुट्ट. दुसरा लावला, तिसरा लावला. बाबांच्या जुन्या फोनमध्ये काल तिने भरलेले सगळेच्या सगळे व्हिडिओ असेच निघाले. आणि बाबा आज दिवसभर दुकानात तेच घेऊन बसले होते.

चूक तिचीच. त्या फोनमध्ये जागा नखाएवढी. रोज संध्याकाळी बाबा घरी आले की फोन तिच्या हातात द्यायचे. ती बघून झालेले व्हिडिओ उडवायची, आईच्या फोनवर नवे उतरवून यात टाकायची. दुकान तळघरात, तिथे रेंजचं नाव नाही. काल तिने जरा जास्तच डोकं चालवलं. डाउनलोड करताना नव्या पद्धतीचा कुठलासा प्रकार निवडला, तेवढ्याच जागेत दुप्पट व्हिडिओ मावले, म्हणून स्वतःवरच खूश झाली. आईच्या नव्या फोनवर ते झक्क दिसले. या म्हाताऱ्या फोनला त्यातला नुसता आवाज कळला, चित्र झेपलंच नाही. यात टाकल्यावर एकदा लावून बघावं, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

आणि चूक करायला वेळ तरी कुठली निवडली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानाच्या मालकांनी आता महागडी, सेलशिवाय चालणारी घड्याळं दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली होती. परवा ते स्वतः शेजारी बसून बाबांकडून तसलं एक घड्याळ उघडून, जोडून घेणार होते. जमलं तर ठीक. नाही जमलं तर बाबांचं टेबल दुसऱ्याला. दुरुस्त केलेली घड्याळं हल्ली परत येतात, हेही मालकांनी ऐकवलं होतं. बाबांचं म्हणणं, पार्टच भिकार येतात, त्याला मी काय करू. शिवाय तळघरातला दिवा मिणमिणता. तो बदलून झाला. नवाही मिणमिणताच निघाला.

व्हिडिओतला माणूस तोंडातून एक शब्द काढत नसे. चेहराही नाही, दिसायचे ते फक्त त्याचे हात. बाबांना तो म्हणूनच आवडायचा. उगाच बडबड नाही, काम बघा आणि शिका.

बाबा हात धुऊन आले. दाराच्या चौकटीला हात लावत, सावकाश खुर्चीत बसले. तिने जीव मुठीत धरला. बाबांच्या टोमण्यांना घरात सगळे टरकून असत. जेवणात मीठ कमी पडलं की ते आईला गंभीरपणे विचारायचे, मीठ महाग झालंय का. तिला गणितात काठावरचे मार्क पडले तेव्हापासून ते तिला इंजिनीअरबाई म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलंच.

"काय इंजिनीअरबाई," ते म्हणाले, "आजचे व्हिडिओ फार स्वच्छ होते हं."

आला टोमणा, तिला वाटलं. मान खाली घालून ती चूक कबूल करायला लागणार, तर बाबा बोलतच राहिले. त्या माणसाचा हात कसा जरासुद्धा थरथरत नाही. सगळ्यात बारीक चाक तो कसं अलगद उचलतो. स्प्रिंग बसवताना करंगळी कशी टेकवतो. अगदी रंगवून सांगत होते. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, मग परवाचं जमेल ना. बाबा म्हणाले, डोळे मिटून जमेल. आत आई हसली.

ती हसली नाही. तिने फोन मधे धरला आणि एक व्हिडिओ लावला.

"बाबा, आता काय करतोय हा?"

बाबा तिच्या खांद्यावरून पुढे वाकले. टिक, टिक, किणकिण.

"काटे बसवतोय," ते म्हणाले. "बघ ना, किती हळू."

काळ्या पडद्यात तिला स्वतःचं कपाळ दिसत होतं आणि त्याला लागून बाबांचा चेहरा. बाबांचे डोळे फोनकडे नव्हतेच. ते थोडे बाजूला, भिंतीवर कुठेतरी लागले होते.

तळघरातला दिवा मिणमिणता नव्हता. ना नवा मिणमिणता होता, ना जुना.

आई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज वाढेपर्यंत ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, उद्यापासून दुसऱ्या माणसाचे घालू का? तो सगळं बोलून दाखवतो. काय उचललं, कुठे ठेवलं, कुठल्या बाजूने फिरवलं, सगळं."

फोनमधलं घड्याळ टिकटिकत राहिलं. बाबांनी फोन घ्यायला हात पुढे केला. तो आधी तिच्या मनगटावर आला, मग बोटांवरून सरकत फोनपर्यंत पोचला. आता काहीतरी खोचक येईल, तिला वाटलं. यायलाच हवं होतं. मार्कांवरून, त्या शहाणपणावरून, कशावरूनही.

"घाल, बाळा," बाबा म्हणाले.