पिंजऱ्यातला तित्तर

"नुसतं 'ये' म्हण. पुढचं आम्ही बघतो," हवालदार म्हणाला आणि म्हाताऱ्या सुरमलच्या लेकाचा नंबर लावून त्यानं फोन सुरमलच्या कानाला धरला.

जत्रेत चोरी झाली, तेव्हा सुरमलचा लेक आटल्या तिकडं दुसऱ्या जिल्ह्यात ऊस तोडत होता. पण पारध्याच्या पोराचं कोण ऐकतं? तो हाती लागेना, म्हणून आज सकाळी बापालाच पालातून उचलून ठाण्यात आणलं होतं.

सुरमलची हयात तित्तर धरण्यात गेली होती. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे. तो ओरडला की रानातले तित्तर धावत यायचे. "दाण्याला नाही फसत लेका, आपल्यातल्याच्या हाकेला फसतो," असं त्यानंच आटल्याला शिकवलं होतं, तेही मोठ्या ऐटीत.

पलीकडं फोन उचलला गेला. सुरमलनं ओठ घट्ट मिटून घेतले. मांडीवर काठी बसली, तरी त्यानं हूं की चूं केलं नाही.

"हॅलो? कोण बोलतंय?" आटल्यानं दोनतीनदा विचारलं. म्हाताऱ्याच्या छातीतली जुनी घरघर तेवढी फोनमधून जात होती. ती काही केल्या त्याला दाबता येईना.

"बा, तूच हाईस न्हवं? छाती लईच वाजतीया तुजी. घाबरू नगंस, म्या निघालोच."