वर्लाबाईंचा अंगठा

घड्याळ नऊ सेकंदांवर थांबलं आणि सगळ्या टर्की फोर्क गावाने अडकलेला श्वास सोडला.

थांबवलं होतं मायलोने, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने. दोन गुणांची पिछाडी, शेवटची पाळी, खेळ थांबवायच्या सवलती संपलेल्या, आणि लाथेने चेंडू खांबांमधून काढून तीन गुण मिळवणारा गडी अजून मैदानाबाहेरच. तेव्हा मायलोने पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड गड्याला डोळा घातला. तो मुद्दाम वेळेआधी हलला. पंचाने दंडाचं पिवळं फडकं टाकलं, घड्याळ थांबवलं आणि संघाला पाच यार्ड मागे नेलं. सौदा स्वस्तात पडला म्हणून मायलो मिशीत हसला.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच्या लाकडी खोलीत घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवून त्याची आई बसली होती. वर्लाबाई कुचेरा, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत. त्या अंगठ्याबद्दल गावात काय वाटेल ते सांगतात. भर सामन्यात खोलीचं छप्पर वाऱ्याने उडालं, तेव्हा बाईंनी पंचाची शिट्टी झाल्यावरच वर पाहिलं म्हणे. गावातले कोंबडे आधी त्यांच्या खिडकीत डोकावतात आणि मगच आरवतात म्हणे. यातलं छपराचं खरं आहे.

शाळा समितीचे अध्यक्ष ओटो व्होंड्रा त्यांच्या पाठीशी उभे होते. हा सामना हरला तर सोमवारी मायलोची नोकरी जाणार होती. तसं ठरवणाऱ्यांत ओटो पहिले, आणि त्याचं वाईट वाटणाऱ्यांतही पहिलेच.

खाली लाथ मारणारा गडी मैदानात आला होता आणि मायलोचे बाकीचे गडी रमतगमत जागा घेत होते. चेंडू हलेपर्यंत घड्याळ हलणार नाही, अशी त्याची समजूत. बाईंना नियम पाठ होता. दंडासाठी घड्याळ थांबतं, पण त्याआधी ते चालू असेल तर पंचाने हात फिरवला की लगेच पुन्हा सुरू होतं, चेंडू हलो न हलो. नाहीतर जो तो लबाडी करून वेळ विकत घेईल. रविवारच्या जेवणाला हा विषय बाईंनी दोनदा काढला होता. दोन्ही वेळा मायलो उगवला तो जेवणानंतरचं गोड वाढताना. त्याचं मनगटी घड्याळ दहा मिनिटं मागे असायचं आणि तो त्याच्याही मागे.

पंचाने चेंडू ठेवला.

"वर्लाबाई, थंडी फार आहे हो आज," ओटो हळूच म्हणाले. "अंगठा जरा आखडला, तर कोण विचारणार आहे?"

पंचाने शिट्टी फुंकली, हात गोल फिरवला. हात खाली यायच्या आत मैदानावरच्या फळ्यावर आठ आले होते.

मग सात. सहा. मायलोने फळ्याकडे पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे, आणि ओरडत सुटला. गडी धडपडत रांगेत आले. चेंडू मागे आला, लाथ बसली, आणि पेटीत पत्र टाकावं तसा तो खांबांच्या मधोमध गेला. पण चेंडू हलला तेव्हा फळ्यावर शून्य होतं. पंचाने दोन्ही हात हलवून गुण नाकारले. सामना गेला.

एका सेकंदाने हुकलं, असं ओटो स्वतःशीच दोनदा म्हणाले.

मायलो पायऱ्या चढू लागला तशी माणसं भांडण ऐकायला सरकून उभी राहिली. तो दारात थांबला, टोपी हातात.

"रविवारी जेवायला कितीला येऊ, आई?"

"बाराला."

"बारा म्हणजे..."

"बारा, मायलो. बदक आहे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्याने मनगटावरच्या घड्याळाची किल्ली ओढली आणि काटे दहा मिनिटं पुढे नेले. कोपऱ्यात ओटोंनीही हळूच खिशातलं घड्याळ बाहेर काढलं.