काठीचं घुंगरू

लातूरचं गॅरेज बंद केल्यापासून महादेवप्पांची हत्यारं गोणीत गंजत पडली होती. त्यातला एक जुना स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढला, दगडावर घासघासून त्याला सुईसारखं टोक आणलं आणि टोकापाशी दोरा अडकायला बारीक खाच पाडली. चामडं शिवायची आरी तयार! मग ओट्यावर बसून, फाटक्या कमरपट्ट्याच्या तुकड्यावर ते बाजारातून आणलेलं बैलाचं घुंगरू शिवू लागले. चामडं काही दाद देईना, पण अप्पांचाही जन्म ट्रॅक्टरशी झटण्यात गेलेला.

शेजारची शिवकन्या कपडे वाळत घालता घालता बघत होती.

"अप्पा, शेळी घेतलाव काय?"

"न्हाई गं."

"मग कुत्रं?"

"माझ्या मागं त्याचं कोण करावं?"

शेवटचा टाका ओढून अप्पांनी दोरा तोडला आणि घुंगराचा पट्टा आपल्याच काठीला आवळून बसवला. शिवकन्येला हसू आवरेना.

"अगं बाई! या वयात घुंगरू?"

अप्पाही हसले. त्यांनी काठी ओट्यावर आपटून बघितली.

"तुझ्या घरात ऐकू येईल का एवढं?"

"हाव, गल्लीभर येईल की."

"मग झालं. सकाळी उठलो की वाजवत जाईन. ज्या दिवशी वाजणार न्हाई, त्या दिवशी तेवढं आत येऊन बघ. दार तोडावं लागणार न्हाई. कडी लावायची कवाच सोडली म्या."